दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या

लोकांच्या हातातली शीर बोटाने चाचपून शोधायची, हे माझं काम. कर्जतला एक लहानशी लॅब आहे, तिथे मी गेली वीस-बावीस वर्षं रक्त काढते, नळ्या फिरवते, मशीनवर लावते आणि येईल तो आकडा रिपोर्टात भरते. खाली सही लॅबच्या डॉक्टर मॅडमची असते. माझं शिक्षण म्हणाल तर बारावी आणि त्यावर लॅबचा डिप्लोमा. पण माझ्या माहेरी, कोंडाणे लेण्यांच्या वाटेवरच्या गावात, मला सगळे डॉक्टरीणबाईच म्हणतात. आधी मी चिडायचे. अहो, मी डॉक्टर नाही, नुसत्या सुया टोचते, असं शंभर जणांना सांगून झालं, पण ऐकतील तर शपथ. हळदीकुंकवाला गेले तरी बायका माझ्याभोवती कोंडाळं करणार. कुणाचं थायरॉइड, कुणाची साखर, कुणाच्या सुनेला दिवस राहत नाहीत. हळूहळू मीही चार शब्द सांगायला लागले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं ते.

हा डिप्लोमा झाला तो दादामुळे. दादा माझा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले आणि भातशेती त्याच्या अंगावर पडली. माझं कॉलेज पनवेलला होतं. सकाळची एसटी गाठायची म्हणून तो मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कर्जतला आणून सोडायचा आणि संध्याकाळी परत न्यायला उभा असायचा. अशी दोन वर्षं. मधे लावणी आली, कापणी आली, पण त्याचा नेम चुकला नाही. गावातल्या एका शहाण्याने त्याला विचारलं होतं, बहिणीला शिकवून काय कलेक्टर करणार आहेस का. दादा म्हणाला, ती माणसाच्या रक्तात बघून सांगणार. माझ्या शिक्षणातलं त्याला एवढंच समजलं होतं आणि तेवढ्यावर तो खूश होता.

करोनाची दुसरी लाट आली तेव्हा आमच्या लॅबला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या उन्हाळ्यात सीआरपी हा शब्द आमच्या भागातल्या नऊवारीतल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडात बसला. दारात येऊन विचारायच्या, किती आला गं शीआरपी? सीआरपी म्हणजे आपलं यकृत तयार करतं असं एक प्रथिन. अंगात कुठे दाह सुरू झाला की ते रक्तात वाढायला लागतं. निरोगी माणसात अगदी थोडं, आणि त्या दिवसांत मशीनवर असे आकडे यायचे की मी नळी पुन्हा लावून बघायची. दोन महिन्यांत मी इतके सीआरपी केले की नुसत्या आकड्यावरून कोण घरी राहील आणि कोणाला ऑक्सिजन लागेल, हे मला कळतं असं मला वाटायला लागलं. आणि ते बऱ्याचदा बरोबरही यायचं, तीच तर पंचाईत.

करोना आधी माझ्या घरातच शिरला. माझं सासर कर्जतजवळच्या चौक गावचं. नवरा खोपोलीच्या कारखान्यात, तिथून घेऊन आला. आठ दिवस ठीक होता, नवव्या दिवशी बोटाला लावायच्या त्या चिमट्यावर ऑक्सिजन एक्याण्णव दाखवायला लागलं. सीआरपी बघितला, तोही भलता वर, आणि त्याला सरळ डॉक्टरांकडे नेला. कर्जतला ज्यांचे पेशंट आमच्याकडे रक्ताला येतात ते एक डॉक्टर आहेत. तरुण, साताऱ्याकडचे, बोलायला तुसडे, पण हाताला गुण असलेले. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी नवरा उठून बसला आणि सुकटीची चटणी मागायला लागला. त्याचा सीआरपी मी माझ्या हाताने तीनदा केला आणि तिन्ही वेळा तो खाली आलेला बघितला. ह्या गोळ्यांनी माझं कुंकू राखलं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले. पुढे डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या तेव्हा एक पट्टी आणि वर चार गोळ्या शिल्लक होत्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे उपयोगी पडलेली वस्तू घरात पडून राहत नाही. पाळणा ह्या घरातून त्या घरात जातो. कुणाच्या सासऱ्याचा वॉकर सासरा गेल्यावर चुलत्याकडे जातो, कुबड्या, गरम पाण्याची पिशवी, बाळंतिणीची बाज, सगळं फिरतं. औषधंही फिरतात. कुणी बरं झालं की उरलेली पट्टी डब्यात ठेवायची आणि शेजारी तेच दुखणं निघालं की घेऊन जायची. न देणारी बाई मनाची कोती ठरते. त्या उन्हाळ्यात तर दुकानात गोळ्या मिळत नव्हत्या, त्यामुळे माझ्या फ्रीजवरच्या बिस्किटांच्या डब्यात चौदा गोळ्या आहेत ही बातमी माहेरपर्यंत पोचलेली होती. टाकून द्या असं मला कुणी म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तरी मी टाकल्या नसत्या.

एका सकाळी वहिनीचा फोन आला. दादाला काल दुपारपासून ताप होता, अंग मोडून आलं होतं, सकाळी आरोग्य केंद्रात टेस्ट केली ती पॉझिटिव्ह आली. मी लॅबमध्ये दोन तासांची सवड मागितली आणि स्कूटर काढली. पिशवीत सुई, नळी, हातमोजे आणि त्या गोळ्या.

दादा अंगणात खुर्ची टाकून तोंडाला टॉवेल बांधून बसला होता. मी त्याचं रक्त घेतलं. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर केवढा आनंद. वहिनीला म्हणाला, आली गं आपली डॉक्टरीण, आता मी काय मरत नाय. लॅबमध्ये जाऊन मी आधी त्याची नळी लावली. सीआरपी अगदी थोडा वाढलेला. आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. आकडा लहान आहे तोवरच त्याला दाबून टाकावं, असा मी विचार केला. नवऱ्याच्या वेळी नऊ दिवस वाट बघत बसलो म्हणून तो एवढा वर गेला, दादाच्या वेळी वर जाऊच द्यायचा नाही. गोळ्या तर मी येतानाच वहिनीच्या हाती दिल्या होत्या, लॅबच्या छापील पाकिटात घालून, वर लिहून, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवून. सांगितलं होतं की मी फोन करते मग चालू करा. मी फोन केला आणि चालू करा म्हटलं.

लक्षात घ्या, तो आजाराचा दुसरा दिवस होता. रोज शंभर माणसांचे आकडे भरणाऱ्या मला आकडा कळत होता, दिवस कळत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी दादाचा ताप गेला. अंगदुखी गेली. भूक अशी लागली की वहिनीने तांदळाच्या भाकरी थापून थापून हात दुखले म्हणून सांगितलं. फोनवर त्याचा आवाज ठणठणीत. मी लॅबमध्ये मिरवलं, हो, अगदी मिरवलं, की बघा वेळेवर दिलं की कसा गुण येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी तर तो राब भाजायला शेतावर गेला. राब म्हणजे पावसाआधी जिथे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण, पातेरा, डहाळ्या, पेंढा असे थर घालून, वरून माती भुरभुरवून जाळतात, तो. दादाला चौदा दिवस घरात बसायला सांगितलं होतं, पण वाऱ्याचा भरवसा नव्हता आणि राब राहिला होता. एकटाच तर आहे, कुणाजवळ जातोय, असं म्हणून वहिनीने सोडला. मला कळलं तेव्हा मी रागावले, पण वरवर. मनात म्हटलं, राब भाजायला गेला म्हणजे गडी बरा झाला.

आठव्या दिवशी वहिनीने फोन दादाकडे दिला. त्याला मला काहीतरी सांगायचं होतं आणि वाक्य पुरं होत नव्हतं. दोन शब्द बोलायचा आणि थांबायचा. चिमटा लाव म्हटलं. चौऱ्याऐंशी. 

शेजाऱ्याच्या टेंपोतून त्याला कर्जतला आणला, त्याच साताऱ्याच्या डॉक्टरांकडे. मी लॅबमधून धावत गेले. डॉक्टर स्वतः बाहेर आले, टेंपोतच चिमटा लावला, छाती ऐकली आणि विचारलं की ह्या आठ दिवसांत काही औषध घेतलं होतं का. दादाला बोलवत नव्हतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधी वहिनी बोलली.

"नाय डॉक्टर, निस्ती तापाची गोळी."

ती डॉक्टरांकडे बघून बोलली आणि मग माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या कुणा पेशंटचा नातेवाईक असं खोटं बोलला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं, पण मी गप्प राहिले. दादाला आत नेला आणि वहिनी मला टेंपोच्या मागे घेऊन गेली. म्हणाली, तुमचं पाकीट मी चुलीत घातलंय ताई, कुणाला दिसायचं नाय, तुमी काळजी करू नका. त्यावर लॅबचं नाव होतं, तुमचं अक्षर होतं. गावात कुणी लेकीला बोल लावायला नको, तुमची नोकरी जायला नको.

चोवीस वर्षं माझी वहिनी आहे ती. भांडलोय कमी वेळा नाही. आईच्या पाटल्यांवरून आम्ही वर्षभर बोलत नव्हतो. आणि नवरा टेंपोत तोंड उघडून हवा ओढत असताना ह्या बाईला माझ्या अब्रूची काळजी पडली होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. मास्क होते, पडताही येत नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. नळीवरचं त्याचं नाव दोनदा वाचलं. मग लावली. सीआरपी वाढलेला होता, पण चौऱ्याऐंशी ऑक्सिजनच्या माणसाचा असायला हवा तेवढा अजिबात नव्हता. निम्म्यानेही नव्हता. आणि साखर भलतीच वर. मी रिपोर्ट फोनवर सांगितला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं, दाह फार दिसत नाही, ऑक्सिजनवर ठेवतो, पनवेलला हलवायची घाई नको, तिकडे बेडही नाहीत, इथेच बघू. आणि विचारलं, ह्यांना डायबेटिस कधीपासून आहे?

दादाला डायबेटिस नव्हता. दर वर्षी त्याची साखर मीच बघायची. त्या गोळ्यांनी साखर चढते, हे मला नवऱ्याच्या वेळेपासून ठाऊक होतं. आणि त्याच गोळ्या सीआरपी खाली दाबतात, हेही मी माझ्या डोळ्यांनी तीनदा बघितलं होतं. शेवटची गोळी त्याने आदल्या सकाळीच घेतली होती. म्हणजे मी फोनवर जो आकडा सांगितला तो मशीनने बरोबरच दिला होता, पण आत काय चाललंय ते तो सांगत नव्हता. आणि त्या आकड्याच्या भरवशावर डॉक्टर माझ्या भावाला इथेच ठेवणार होते.

सांगायला मला किती वेळ लागला? तीन तास. तीन तास मी नळ्या फिरवत राहिले, आकडे भरत राहिले. मॅडम बाजूच्या टेबलावर होत्या. डोक्यात एकच, सांगितलं तर ह्या गावात मला पुन्हा कुणी हात धरू देणार नाही, लॅब काढून टाकेल, आणि वहिनी खोटी पडेल. मग स्वतःलाच शिव्या घातल्या. अगं भवाने, तुझी नोकरी जाईल म्हणून त्याला मरू देणार का? मी हातमोजे काढले आणि मॅडमना सांगितलं की दादाकडे जाऊन येते. 

डॉक्टर त्यांच्या हॉस्पिटलच्या जिन्यावर भेटले. मी म्हटलं, सर, एक मिनिट. ते म्हणाले, नंतर. मी जिन्यातच आडवी उभी राहिले.

"सर, वहिनी खोटं बोलली. दादाला दुसऱ्या दिवसापासून स्टिरॉइड चालू होतं. मी दिलं. माझ्या मिस्टरांच्या उरलेल्या गोळ्या."

मला वाटलं होतं, आता हा माणूस माझी चारचौघांत सालटी काढणार. खरं सांगते, तीच इच्छा होती. पण ते एकामागून एक विचारायला लागले, कोणती, किती, कोणत्या दिवशी पहिली, शेवटची कधी. मी सांगत गेले. ते खिशातल्या कागदावर लिहीत गेले. मग जिन्यातल्या जिन्यात त्यांनी दोन्ही हातांत फोन घेऊन फोनाफोनी सुरू केली, आणि अर्ध्या तासात पनवेलच्या बाजूच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बेड मिळवला. रुग्णवाहिका यायची होती तेवढ्यात त्यांनी मला बाकावर बसवलं आणि समजावून सांगितलं, पोराला गणित समजवावं तसं.

सीआरपी हा शेवटी येणारा निरोप आहे, ते म्हणाले. त्याच्या आधी दुसरी प्रथिनं असतात. विषाणू शिरला की आपल्याच पेशी ती सोडतात, एकमेकींना कळवायला. त्यातलं एक इंटरल्युकिन सहा. ते यकृताला सांगतं की सीआरपी कर, मेंदूला सांगतं की ताप आण, रक्तातल्या पेशींना सांगतं की फुप्फुसाकडे चला. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि तेव्हा ही हाकाटी हवीच असते. ताप आला, अंग दुखलं, म्हणजे शरीर काम करतंय. तुमच्या गोळ्यांनी त्या दिवसांत ती हाकाटीच बंद केली. त्यांना बरं वाटलं, कारण दुखणं जाणवत नव्हतं. विषाणू होता तिथेच. दुसऱ्या आठवड्यात काही माणसांत उलटं होतं, विषाणू ओसरतो पण ही प्रथिनं थांबत नाहीत, वाढतच जातात, आणि आपलंच शरीर आपल्या फुप्फुसात पाणी भरतं. तुमच्या मिस्टरांना गोळी लागू पडली ती त्या वेळची. गोळी तीच, आठवडा वेगळा.

ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे दादाचा राब आला. राब पेटवायचाच असतो, त्याच्यावर कुणी पाणी मारत नाही. ओल्या डहाळ्या घेऊन माणसं कडेला उभी राहतात ती आग बांध ओलांडून गवताच्या गंजीकडे निघाली तर तेव्हासाठी. मी पहिल्याच धुरावर पाण्याची घागर ओतून मोकळी झाले होते. एवढं साधं होतं ते. शेतकऱ्याची पोर ना मी?

मी विचारलं, सर, माझ्यामुळे झालं का हे?

 ते म्हणाले, सांगता येत नाही. गोळ्या न घेताही त्यांचं असंच झालं असतं, असंही असेल. गोळ्यांनी वाढलं, असंही असेल. हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्ही रोज विचारलंत तरी मी हेच सांगणार.

पनवेलला त्या दुसऱ्या प्रथिनाची तपासणी झाली. आमच्याकडे ती होत नाही, तिथूनही नमुना पुढे मुंबईला गेला, दीड दिवसाने आकडा आला. डॉक्टरांनी मला तो फोनवर सांगितला. मी तो आकडा इथे लिहीत नाही. ऐकून मी लॅबच्या मागच्या पायरीवर बसले, एवढंच सांगते. मग तिथे योग्य वेळचं स्टिरॉइड, योग्य मापाने, साखरेला इन्सुलिन, नाकाला मोठा ऑक्सिजन, पालथं झोपवणं. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजची रात्र. सहाव्या दिवशी म्हणाले, बघू. दहाव्या दिवशी वहिनीचा फोन आला की त्याने पेज मागितली. मी रस्त्यात स्कूटर उभी करून भोकाड पसरलं. एक म्हातारा विचारायला आला, कोण गेलं गं बाय. मी म्हटलं, कुणी नाही गेलं काका, पेज मागितली.

तेविसाव्या दिवशी दादा घरी आला. अर्धा झाला होता. आणि गावात काय बोललं जावं? बहीण डॉक्टरीण म्हणून वाचला. तिने वेळेवर ओळखलं, तिनेच पनवेलला हलवायला लावलं. ते खोटंही नव्हतं. डॉक्टर कधी कुणाकडे अवाक्षर बोलले नाहीत. मॅडमना मी स्वतः सांगितलं. त्या इतक्या गप्प बसल्या की शिव्या परवडल्या असत्या, पण काढलं नाही. वहिनीलाही सांगितलं की मी डॉक्टरांशी बोलले. ती म्हणाली, बरं केलंत. आणि लगेच म्हणाली, पण ह्यांना सांगू नका. कशाला त्यांच्या मनाला लावायचं? आजारात झालं, सोडून द्या.

मी नाही सांगितलं. चार वर्षं. त्या चार वर्षांत माझ्याकडे कुणी अर्धी पट्टी मागायला आलं की मी दारातूनच वाटेला लावलं. गावात आता मला गर्व झाला म्हणतात. होऊ दे.

दादाचं फुप्फुस पूर्वीसारखं झालं नाही. आकडे सगळे ठीक आहेत, मीच बघते. सीआरपी कधीचा उतरला. पण छातीच्या फोटोत खाली दोन्हीकडे पांढरे व्रण राहिलेत आणि वरच्या शेताचा चढ तो आता एका दमात चढत नाही. दोनदा थांबतो. कोणी बरोबर असलं तर थांबल्यावर काहीतरी दाखवतो, तो बघ नवा बंगला, ती बघ कुणाची म्हैस, म्हणजे थांबल्याचं कळू नये. ह्या पौषात मी गेले होते तेव्हा मला घेऊन वर निघाला. पहिल्या थांब्याला त्याने मला आंब्याचा मोहर दाखवला. दुसऱ्या थांब्याला दाखवायला काही सापडेना. तो कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहिला, आणि त्याच्या छातीतला आवाज मला ऐकू यायला लागला.

तिथे मला राहवलं नाही. वहिनीचा शब्द मोडून मी त्याला सगळं सांगितलं. त्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या नव्हत्या. ताप गेला म्हणून तुला बरं वाटलं, पण तो आजार गेला नव्हता, तो मी झाकला होता. वहिनी डॉक्टरांशी खोटं बोलली ती माझ्यासाठी, आणि मी एक दिवस आणि वर तीन तास गप्प बसले. तुझा हा दम कदाचित माझ्यामुळे गेला. कदाचित नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी रडत नव्हते, उलट चिडल्यासारखी बोलत होते, असं मला आठवतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. तो बांधावर बसला आणि मलाही बस म्हणाला. त्याने चपला काढून त्यातली माती झटकली. मला वाटलं, त्याला नीट समजलं नसेल. मग माझाच धीर सुटला आणि मी त्याच्यावरच ओरडले, की दादा, तू तरी डॉक्टरांना का नाही विचारलंस, एवढ्या गोळ्या मुकाट्याने घेतल्यास कशा?

"अगं बाय, तू दिल्या व्हत्यास," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनी दिल्या असत्या तं इचारलं असतं."

आणि हे तो कौतुकाने म्हणाला.